भिंतीपलीकडची सही

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी चार वर्षं मिरची दळली. मशीन घरगुती होतं, मोटर लहान. कॉलनीतल्या बायका डब्यातून वाळलेली मिरची आणायच्या आणि संध्याकाळी तिखट घेऊन जायच्या. कोणी परवानगीचं विचारलं नाही, आणि ती लागते हे माझ्या मनातही आलं नाही. मग काम वाढलं. मोठं मशीन घ्यायचं ठरलं, तेव्हा वीज कार्यालयात सांगितलं की त्याला थ्री फेज जोडणी लागेल, आणि राहत्या घरात ती हवी असेल तर आधी नगरपालिकेचा कागद आणा.

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात एक तरुण इंजिनीअर मॅडम होत्या. त्यांनी माझा अर्ज ठेवून घेतला, टेबलावर गावाचा मोठा नकाशा पसरला आणि आमचा प्लॉट बोटाने शोधून काढला. "काकू, तुमचं घर पिवळ्यात आहे. पिवळा म्हणजे राहण्याचा भाग. घरात छोटा धंदा करता येतो, पण शेजाऱ्यांना आवाज, धूळ, वास यांचा त्रास व्हायला नको. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची ना-हरकत लिहून आणा. मग मी पाहणीला येते."

वीस वर्षं त्या घरात राहून आपल्या घराला सरकारी रंग आहे हे मला ठाऊक नव्हतं. परत येताना रिक्षात मी त्याचाच विचार करत होते.

पूर्वेकडचा प्लॉट मोकळा आहे. त्याचे मालक सुरतला असतात. ते एका लग्नासाठी गावी आले होते, त्यांनी मांडवातच सही करून दिली. पश्चिमेला गुरुजींचं घर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर वर्गात बोलल्यामुळे ते घरीही पुस्तकातलं मराठी बोलत. त्यांची बायको, जिला मी वहिनी म्हणते, ती आणि मी मात्र आपल्या अहिराणीत.

मी कागद घेऊन गेले तर गुरुजी म्हणाले, "बसा. मीच तुमच्याकडे येणार होतो."

त्यांच्या हातातही एक फाईल होती. कोणत्या तरी मोबाईल कंपनीचा माणूस येऊन गेला होता. गुरुजींच्या गच्चीवर टॉवर उभा करायचा होता. त्यासाठीही नगरपालिकेची परवानगी, आणि त्यासाठीही शेजाऱ्यांची ना-हरकत. शेजारी म्हणजे मी.

आम्ही दोघं हसलो. "बरं झालं," गुरुजी म्हणाले. "तुम्ही माझ्या कागदावर सही करा, मी तुमच्या कागदावर करतो."

मी म्हटलं, उद्या करते. लगेच का केली नाही हे मला नीट सांगता येत नाही. कॉलनीत बरंच काही कानावर आलं होतं. टॉवरच्या लहरींनी डोकं दुखतं, चिमण्या जातात, वादळात तो सांगाडा पडला तर काय. खरं-खोटं मला कळत नव्हतं. पण आमची झोपायची खोली नेमकी त्यांच्या घराकडच्या भिंतीला लागून आहे.

घरी ह्यांना सांगितलं. हे एसटीत ड्रायव्हर होते. धडगावच्या घाटात गाडी चालवून चालवून ह्यांना कसल्याच गोष्टीची लवकर भीती वाटत नाही. "करी टाक सही," हे म्हणाले. "गुरुजी तुन्हा कागदवर करतीन, तू त्यासना कागदवर कर."

रविवारी मुलीचा फोन आला. ती धडगावच्या वरच्या अंगाला एका उपकेंद्रात नर्स आहे. तिथे रेंज नाही. डोंगराच्या एका धारेवर चढून आलं की फोन लागतो, म्हणून ती रविवारीच बोलते. मी तिला टॉवरचं सांगितलं. ती म्हणाली, "माय, आठे टॉवर येवाले पाहिजे म्हनीसन लोके अर्ज करी ऱ्हायनात, आणि तुम्ही तठे घाबरी ऱ्हायनात." मागच्या महिन्यात एका बाळंतिणीसाठी गाडी बोलवायला त्या बाईचा नवरा अंधारात त्या धारेवर पळत गेला होता, हे तिने मला तेव्हा सांगितलं. गाडी वेळेत आली. बाई आणि बाळ सुखरूप राहिले. पण मुलीचा आवाज सांगताना बदलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सही करायचं ठरवून गुरुजींकडे गेले. ते बाजारात गेले होते. वहिनी म्हणाली, आत ये, चहा ठेवते. इतक्या वर्षांत मी त्यांच्या ओसरीवरच बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मागच्या खोलीत गेले, आणि आमच्या घराकडे उघडणारी तिची खिडकी पाहिली. फटींवर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवलेले होते. वरून जुन्या लुगड्याचा जाड पडदा. कागद पिवळा पडून त्याच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

"खिडकी का बरं बंद करेल शे?" मी विचारलं.

वहिनी गाळणी धुता धुता थांबली. "ठसका लागस. माले दमा शे ना."

"कधीपासून बंद शे?"

"तुम्ही मशीन आनं तवयपासून."

मी पुन्हा त्या पिवळ्या कागदांकडे पाहिलं. "मंग माले सांगं का नही?"

"काय सांगू," ती म्हणाली. "तुम्हनं काम शे ते. तुम्ही काय मुद्दाम करतस का?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. चहात साखर घालताना तिने मला नेहमीसारखंच विचारलं, किती घालू. चार वर्षं ती भर उन्हाळ्यात त्या खोलीत बंद खिडकीजवळ झोपली होती, आणि मी आठवडाभर एका न उभ्या राहिलेल्या टॉवरची काळजी करत होते. गुरुजी माझ्या कागदावर खरंच सही करणार होते. वहिनीने त्यांना अडवलं नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

गुरुजी आले तेव्हा मी त्यांच्या कागदावर सही केली. एवढंच म्हटलं की टॉवरचा जनरेटर आमच्या बाजूला नको. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि माझा कागद मागितला. मी तो पिशवीतून काढला नाही.

"मला आता नकोय," मी म्हटलं. "मिरची इथे दळायची नाही."

गुरुजींना काही समजलं नाही. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती कप घेऊन आत गेली.

घरी हे चिडले. इतकी धावपळ करून आता माघार कशाची, असं त्यांचं म्हणणं. मी खिडकीचं सांगितलं तेव्हा हे अंगणात जाऊन आले. मग स्वतःच मशीनची वायर काढून ठेवली.

मी पुन्हा नगरपालिकेत गेले. मॅडमना अर्ज परत घ्यायचा आहे म्हटलं, तर त्यांना वाटलं शेजाऱ्याने नकार दिला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा नकाशा उघडला आणि गावाबाहेरचा जांभळा तुकडा दाखवला. "हा उद्योगांचा भाग आहे, काकू. मिरची वाळवायच्या पथाऱ्या आहेत तिकडे. तिथे शेड मिळालं तर तुमच्या मशीनला अडचण येणार नाही." घरी पापड-शेवयांचं काम करायचं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज द्या, असंही सांगितलं. तो मी तिथेच लिहिला. गुरुजींची सही त्यालाही लागली, आणि या वेळी मी वहिनीचीही घेतली, कागदावर तिच्यासाठी जागा नसताना.

गुरुजींचा टॉवर मात्र झाला नाही. गच्चीचा स्लॅब जुना आहे, तेवढं वजन पेलणार नाही, असा अहवाल आला. त्यांना वाईट वाटलं. काही दिवस ते गच्चीवर जाऊन हाताने भिंत चाचपायचे.

पथारीजवळ एका शेडचा कोपरा मला मिळाला. आता मी सकाळी स्कूटीने तिकडे जाते. समोर वाळत घातलेल्या मिरचीचे देठ खुडायला डोंगरातल्या बायका हंगामापुरत्या येतात. त्या आपसात त्यांच्या पावरी बोलीत बोलतात. पहिल्या दिवशी मी नवं मोठं मशीन सुरू केलं आणि खोकत बाहेर आले, तेव्हा त्यांच्यातली एक म्हातारी उठली. तिने माझ्या पदराचं टोक घेतलं, नाकातोंडावरून दोन वेढे घातले आणि मानेमागे घट्ट गाठ मारली. मग दोन पावलं मागे जाऊन नीट बसलंय का ते पाहिलं आणि आपल्या जागी जाऊन पुन्हा देठ खुडू लागली.