दोन राष्ट्रप्रमुख आणि मामेसासऱ्यांचा सोफा

त्या सोफ्याच्या गादीखालची फळी सुतार विसरला नव्हता. ती आम्ही काढली होती, आणि सोफ्याचं एक टोक मी उचलून धरलं होतं. हे मी आजवर कुणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. आज सांगतो, कारण माझ्या मामेसासऱ्यांइतकं परराष्ट्र धोरण कळलेला माणूस उभ्या दिल्लीत झाला नाही, आणि ते त्यांना लग्नाच्या मांडवात कळलं होतं.

मामा आमच्या सरकारी खात्यात परदेशी पाहुण्यांच्या सरबराईचे अधिकारी, आणि मी त्यांच्या हाताखाली. ऑफिसातही ते मला ‘जावईबापू’ म्हणत, त्यामुळे शिपाईसुद्धा मला ‘बापू सर’ म्हणू लागला होता. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये मामा टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघत. भाषणं त्यांना नकोच असत. कोण कोणाच्या खांद्यावर हात ठेवतो, कोणाची बायको कोणाच्या बायकोकडे बघत नाही, एवढ्यावरून निकाल: “मुलाकडचे रुसलेत. आता तेलावरून वाजणार बघा!” आणि वाजायचं. आतून मामी ओरडायच्या, “अहो, आवाज तरी लावा! शेजाऱ्यांना वाटेल टीव्ही बिघडलाय.” मामांच्या लेखी मित्रराष्ट्रं म्हणजे व्याही. शत्रूशी माणूस जपून बोलतो, तोंड सुटतं ते सोयरिकीत, असं ते म्हणत.

या रुसव्यावरचा त्यांचा उपाय मी गाझियाबादला, स्वतःच्याच लग्नात पाहिला होता. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून माझे वडील जेवायला बसेनात आणि सासरे समजूत काढायला जाईनात. मामांनी कोणालाच समजावलं नाही. गुपचूप जाऊन जेवणाच्या हॉलमधले पंखे तेवढे बंद केले. थोड्याच वेळात दोन्ही व्याही घामाघूम होऊन, खांद्याला खांदा लावून, मॅनेजरवर तुटून पडले आणि तसेच शेजारी शेजारी जेवायला बसले.

पुढे दोन मित्रदेशांचे प्रमुख दिल्लीत आले. एकाने दुसऱ्याला फोनवर ताटकळत ठेवलं होतं, आणि दुसऱ्याने त्याच्या भाषणात, कॅमेऱ्यासमोर, भलीमोठी जांभई दिली होती. तेवढ्यावरून एका बंदराचा करार वर्षभर अडकला होता. त्या बंदरात आपल्या देशाचाही वाटा होता. मामांची तेव्हा निवृत्तीआधीची परदेशातली नेमणूक ठरल्यात जमा होती. मामींना बर्फ बघायचा होता, लोकरीचे मोजेही विणून झाले होते. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मामांनी मला त्या दालनात नेलं.

“जावईबापू, ते टोक उचला.”

“मामा, यार... सॉरी, मामा, नोकरी जाईल!”

“तुमची नाही जात. रुसलेल्या दोघांना मिळून रागवायला तिसरा लागतो. उद्या तो आपण.”

दुसऱ्या दिवशी दोघं सोफ्यावर बसले आणि बसतच गेले. गुडघे हनुवटीला लागले. एकाने उठायला दुसऱ्याचा हात धरला, तर त्याला ओढता ओढता दुसराच आणखी आत. आणि मग दोघं जे हसत सुटले! दोघांनी मिळून आमच्या खात्याला काय काय नावं ठेवली, ते दुभाष्याने नंतर लाजत लाजत सांगितलं. त्या धरलेल्या हाताचा फोटो जगभर छापून आला. संध्याकाळी करारावर सह्या झाल्या. शिवाय सोफ्याबद्दल दोन्ही शिष्टमंडळांनी एकत्र तक्रार केली. वर्षभरातलं त्यांचं ते पहिलं संयुक्त निवेदन! मामा दाराशी मुलीचं लग्न लागल्यासारखे हात चोळत उभे होते.

चौकशीत मी तोंड उघडणार, तोच मामांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. “सर, सोफा मैंने लगवाया था. गलती बिल्कुल मेरी है.” झालं, नेमणूक गेली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “हिला सांगू नका. हिला कळलं की उद्या दोन्ही देशांना कळेल.” ती नेमणूक पुढे मला मिळाली. मी नाही म्हटलं नाही. मामींनी ते मोजे माझ्या बायकोला दिले.

मामा गेल्या वर्षी गेले. मामी आता दिल्लीतल्याच द्वारकेला मुलाकडे असतात. फोटोला हार घालताना अजून म्हणतात, “अहो, एक सोफा तुम्हाला नीट मांडता आला नाही!” मग माझ्याकडे वळून विचारतात, “जावईबापू, बर्फाला वास असतो का हो?” मी नाही म्हणतो आणि चहा संपवून निघतो.

मामांचं काही चुकलं नव्हतं, एवढं एक वाक्य मी मामींना देणं लागतो.