जामची डॉल्फिन

वर्धा जिल्ह्यात समुद्राचा एक थेंब नाही, तरी देवमाशांच्या तब्येतीची काळजी वाहणारा एक माणूस इथे होता, आणि तो बोरगाव मेघेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ते रक्त तपासायचे. समुद्र त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. पण परदेशातल्या संशोधकांना पोस्टकार्डं लिहून ते त्यांचे छापील निबंध मागवत, आणि पाकीट आलं की पोस्टमनला चहा पाजून समुद्रातल्या सीलच्या रक्तातली प्रथिनं समजावून सांगत. "समुद्रातलं जनावर दुखणं दाखवत नाई. दाखवलं तर दुसरं त्याले खाते. म्हणून त्याचं रक्त वाचा लागते. आत सूज आली की रक्तातली काही प्रथिनं वाढतात. तोंड लपवते, रक्त नाई लपवत." पुढे पुढे पोस्टमन पाकीट कुंपणावरून फेकून सायकल दामटू लागला. काकी म्हणायच्या, "लोकाईच्या सवती गावात राह्यतात, माही पाण्यात राह्यते."

काकाजी नमस्कार करत नसत. कोपराच्या आतली शीर चाचपत. लग्नात नवरीचे दागिने सोडून तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग पाहत. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा एका हाताने पेढा घेऊन दुसऱ्या हाताने त्यांनी माझी खालची पापणी ओढली आणि म्हणाले, "पास झाली ते ठीक, पण रक्त कमी आहे." नंतरच्या वर्षांत त्यांना नवंच खूळ लागलं. पेशी म्हणे रक्तात अगदी बारीक पुड्या सोडतात. "आधी लोक म्हणत, कचरा आहे. आता म्हणून राह्यले, त्यात दुसऱ्या पेशीसाठी निरोप असते. म्हणजे तुह्या बाबाची पत्रकंच होय. वाटणाऱ्याले निरोप, घेणाऱ्याले कचरा." आणि पुढे, "डॉल्फिनच्या रक्तातही असतीलच. कोणीतरी पाहाले पाहिजे."

बाबा चळवळीतले. त्यांची पत्रकं म्हणजे आमचं कुळाचाराचं पुस्तक. अंकलिपीआधी मी 'निषेध' वाचायला शिकले. घरात पत्रकाचे दोन नियम होते: खोटं लिहायचं नाही, आणि ज्याच्याविरुद्ध पत्रक असेल त्याला पहिली प्रत स्वतः नेऊन द्यायची, वाटपाआधी. पाठीमागून वार करायचा नाही, एवढंच बाबांचं म्हणणं.

मी विशीत होते. काकींनी त्यांच्या फ्रिजमधलं विरजण न्यायला बोलावलं होतं. फ्रिजवर काकाजींची वही पडली होती. ती मी उघडली. पहिली सहा पानं निबंधांतून उतरवलेल्या खऱ्या डॉल्फिनची होती. सातव्या पानावर लिहिलं होतं: 'डॉल्फिन सात. मादी. वय एकोणीस. जाम.' खाली हिमोग्लोबिनचे ए आणि एस असे आकडे, आणि 'जोडी ठरली.'

मी पान पुन्हा वाचलं. जामला हमरस्ता आहे, ढाबे आहेत, टायर पंक्चरवाले आहेत. तिथे डॉल्फिन कुठून आली? पुढे डॉल्फिन आठ, समुद्रपूर. नऊ, सिंदी. म्हणजे हा माणूस गोरगरिबांचं रक्त काढून, त्याला प्राण्याचं नाव देऊन परदेशी पाठवत होता? ज्याच्या मांडीवर बसून मी शेंगदाणे खाल्ले तो?  विरजण तसंच राहिलं. दोन दिवसांत पाचशे प्रती छापून झाल्या. मथळा होता: 'माणसांचं रक्त, माशांच्या नावावर!' पुरावा म्हणून सातवं पान मी शब्दशः दिलं होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी पहिली प्रत घेऊन मी त्यांच्या ओसरीवर गेले. काकाजींनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, खिशातून लाल पेन काढलं आणि मथळ्यातल्या 'माशांच्या'वर काट मारली.

"डॉल्फिन मासा नाई. पिल्लाले दूध पाजते. इतक्या वर्षांत मी तुले हेच शिकवलं काय?"

"काकाजी, मी तुम्हाला चोर म्हटलंय."

"ते वाचलं. त्यात शुद्धलेखन बरोबर आहे." मग त्यांचं बोट पुराव्यापाशी आलं आणि तिथेच थांबलं. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधीच पाहिला नव्हता. "हे वाटलं काय पोरी?"

"अजून नाही."

त्यांनी श्वास सोडला. "जामात एकोणीस वर्षांच्या, लग्न ठरलेल्या पोरी किती असतील? अर्ध्या तासात नाव निघते." डॉल्फिन सात म्हणजे ती मुलगी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची वाहक होती, म्हणजे दोष रक्तात होता पण तिला आजार नव्हता. काकाजींनी होणाऱ्या नवऱ्याचंही रक्त तपासलं होतं, ते निर्दोष निघालं, म्हणजे पुढे मुलांना आजार व्हायची भीती नव्हती. दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. "ज्याइले कळाले पाहिजे त्याइले कळलं. बाकी गावाले काऊन सांगू? मागं एकीचं नाव कागदावरून गावात गेलतं. साखरपुडा मोडला. तो कागद मीच लिहिलता, चांगल्या अक्षरात."

"पण डॉल्फिन का?"

"लोकाईले वाटते मी येडा आहो. येड्याची वही कोणी उघडत नाई. तू पहिलीच."

मी घरून गठ्ठा उचलून आणला. माझ्या पुराव्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तो एका पोरीचा संसार मोडायला निघाला होता. काकींनी काही न विचारता बंब पेटवला. चारशे नव्व्याण्णव प्रती आम्ही तिघांनी मिळून त्यात घातल्या. पाचशेवी काकाजींनी लाल शाईसकट हातात धरली होती. मथळा पुन्हा एकदा वाचून मान हलवत त्यांनी तीही आत सोडली. पाणी कढत झालं. "जाय, आंघोळ करून घे," ते म्हणाले, "अन् डोळ्याले पाणी मार. रक्त अजून कमीच दिसून राह्यलं."

काकाजी समुद्र न पाहताच गेले. गेल्या हिवाळ्यात जामच्या थांब्यावर एका बाईने मला ओळखलं. "तुम्ही काकाजीच्या शेजारच्या ना? बरे आहेत ना ते?" ते गेल्याचं मी सांगितलं.  मग तिने कडेवरच्या मुलीची खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढली, उन्हात धरून पाहिली आणि सोडली.

सातव्या पानाचा एक प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला होता. आयुष्यभर मी प्रश्नच विचारत आले आहे, छापूनसुद्धा. एसटी आली. मी पुढे होऊन मायलेकींसाठी खिडकीजवळची जागा धरली.