'व्हय' म्हणणारी मुलगी

कॉलेजातल्या मुलांना नोकऱ्या लावून देणं हे माझं काम. त्या वर्षी आम्हा प्लेसमेंटवाल्यांची आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची परिषद संभाजीनगरच्या एका हॉटेलात भरली होती. माझ्या खिशात एक कागद होता. गंगापूरची आमची विद्यार्थिनी, वर्गात पहिली, मुलाखतीत नापास. शेरा होता, "उत्तरं बरोबर, पण 'व्हय' म्हणते."

शेरा लिहिणारे साहेब व्यासपीठावरच होते. तेही मूळचे मराठवाड्यातले, हे मला पक्कं ठाऊक होतं. प्रश्नांची वेळ झाली तसा मी माईक पटकावला आणि नाटकातल्या राजासारखा खाकरलो.

"साहेब, मशीन बंद पडली की तुमचा कामगार पुस्तकी भाषेत कळवतो काय?"

"छे, इथलीच माणसं ती. आपल्या बोलीत सांगतात."

"अन् तुम्हाला समजतं?"

"व्हय की, न समजायला काय झालं!"

सभागृह असं हसलं की समोसे आणणारा वेटर दारातच थबकला. साहेबांनी जीभ चावली. मी कागद उंच धरला. "मग हिला परत बोलवा, नाहीतर तुम्हीही नापास!"

"अहो, बसा आता," आमचे प्राचार्य मागून कुजबुजले. साहेब "बोलावतो" म्हणाले, तेव्हाच मी बसलो.

दुसऱ्या मुलाखतीच्या दारात मुलीनं विचारलं, "सर, 'हो' म्हणू का 'व्हय'?"

"उत्तर बरोबर दे. जीभ तुझी आहे."

"व्हय सर," म्हणाली आणि आत गेली.