पाच पेरांचा बांबू

अलिबागजवळच्या माझ्या बांबूच्या वखारीत तो म्हातारा एकदाच आला. प्रत्येक बांबूवर बोट फिरवत पेरं मोजत होता.

"पाच पेरांचाच द्या, शेठ. संस्कृत नाटक बसवतोय. रंगमंचावर पुजायची काठी करायचीय."

"नाटकवाल्यांना मी विकत नाही!" गावच्या नाटकात माझी नक्कल केली, म्हणून मी खेळ बंद पाडला होता; तेही त्याला सांगितलं. तेव्हापासून मला कुणी बोलावत नाही.

तो हसला. "पहिल्यावहिल्या नाटकातही आपली हार दाखवली म्हणून दैत्य असेच उठले. इंद्राने त्यांना अशाच काठीने बडवलं."

"मग?"

"ब्रह्मदेवाने समजूत काढली. म्हणाला, हे नाटक तुमचंही आहे."

मला असं म्हणायचं गावात कुणाला सुचलं नव्हतं.

बांबू मीच खांद्यावर घेतला. "किंमत एकच. पहिल्या रांगेत खुर्ची."

"आणि परत उठलात तर?"

"काठी तुमच्याच हातात आहे की!"