हात न लावता

बिल्ड सुरू झालं की ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसायची. बाईंनी दटावल्यावर शाळेतली पोरं बसतात, तशी. आणि म्हणायची, "हात नका लावू भैया, होऊन राहिलं." मला त्या वाक्याचा असा काही राग यायचा की विचारू नका.

कारण हात लावणारा मी होतो. जबलपुरातल्या गोरखपूर बाजारात चपलांच्या दुकानावर आमचं छोटंसं ऑफिस आहे. व्यापाऱ्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. शहपुऱ्याचे मटारवाले, गोहलपुरातले वर्कशॉपवाले, सगळे आमचे गिऱ्हाईक. कोड बाकीचे लिहिणार; तो सगळा एकत्र करून, तपासून, त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करायचा, म्हणजे बिल्ड काढायचं, ते काम माझं. संध्याकाळ झाली की माझ्या टेबलाभोवती गर्दी. भैया, झालं का? भैया, माझं आधी. मी सावकाश चष्मा पुसायचो. ज्याच्यावाचून पान हलत नाही असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्याकडे तो मी होतो, आणि ते मला भारी आवडायचं.

मग ती नोकरीला आली. वडील फॅक्टरीतून रिटायर झालेले, घर मूळचं वर्ध्याकडचं, म्हणजे आमच्यासारखीच. आल्या आल्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. ही फाईल आधी काहून पुसता? बिल्ड झाल्यावर एक खोटं बिल फाडून काहून पाहता? मीही खुशीत सगळं सांगत गेलो. आपलं काम सांगायला कोणाला आवडत नाही! ती ते सगळं मशीनला शिकवून राहिली आहे, हे मला कुठं ठाऊक होतं.

अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर पुसून तिनं खिडकीजवळ मांडला. त्याला इंटरनेटवर कायमचा पत्ता मिळवून दिला. आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, विचारलं, हे करतं काय? तिनं सांगितलं की कोणी इंटरनेटवरच्या आपल्या कोठारात कोड जमा केला की तिकडून या मशीनच्या दाराशी एक घंटी वाजते, तिला वेबहुक म्हणतात. घंटी वाजली की मशीन आपण होऊन बिल्ड काढते. पहिली घंटी वाजली तेव्हा सगळे तिच्या खुर्चीमागे उभे होते. सरांनी खोव्याची जलेबी मागवली. मी दोन खाल्ल्या आणि आपल्या टेबलाशी जाऊन चष्मा पुसत बसलो.

जळलो मी. साफ सांगतो. संध्याकाळी माझ्या टेबलाकडे कोणी फिरकेना. एकदा ती हळदीकुंकवाला घरी आली, तर आई तिच्यावरच लट्टू. "किती गुणाची पोरगी आहे! आणि बोलते कशी आपल्यासारखी. तुझ्या पोरांना तर मराठी नुसती समजते." घ्या, घरातही तीच.

मी खुसपटं काढायला लागलो. तुझ्या मशीनचा पंखा फार आवाज करतो, म्हणालो. "खरं आहे जी," म्हणाली आणि फडकं घेऊन पंखा पुसायला बसली. भांडायलाही जागा देत नसे.

मग विश्वकर्मा पूजा आली. जबलपूर हे फॅक्टऱ्यांचं गाव. त्या दिवशी इथं अवजाराला हात लावत नाहीत. सरही फॅक्टरीवाल्याचेच चिरंजीव. सगळे कॉम्प्युटर बंद करून हळदकुंकू वाहिलं, खिडकीजवळच्या मशीनला तर तिनं स्वतः झेंडूचा हार घातला. आणि नेमकं त्याच दिवशी, नागपूरला गेलेल्या आमच्या एकानं शहपुऱ्याच्या मटारवाल्याच्या बिलातली वजनाची चूक दुरुस्त करून कोड जमा केला. घंटी वाजली, दार बंद. घंटी वाजवणारा काही थांबत नाही, निघून जातो.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केली. नागपूरवाल्यानं दुरुस्ती झाल्याचं कळवलं होतं, तेव्हा बिल्ड निघालं असणार असं सगळे धरून चालले. मी सवयीप्रमाणं मटारवाल्याला फोन लावला. तो कडाडला, आजही वजन चुकूनच राहिलं.

झालं! पुन्हा माझ्या टेबलाभोवती गर्दी. भैया, तुम्हीच काढा. मी चष्मा पुसला आणि हातानं बिल्ड काढून दिलं. काय सांगू तो आनंद! तेवढ्यात ती खुर्ची ओढून जवळ आली.

"भैया, तुम्हाला कसं कळलं?"

मी सांगितलं की दुरुस्ती झाली की मी गिऱ्हाइकाला फोन करून खात्री करतो, अजूनही. तिनं मान हलवली, आणि संध्याकाळच्या आत मशीनला शिकवलं की सुरू झाल्याबरोबर, आपण बंद असताना कोणी येऊन गेलं का, हे आधी त्या कोठाराला विचारायचं. माझा विजयही मशीनच्या पोटात गेला. मी नव्यानं जळलो.

दिवाळीनंतर ती पुण्याला गेली, मोठ्या नोकरीवर. मी वरवर म्हटलं, चलो, छान झालं. मनात म्हटलं, आता येतील सगळे माझ्याकडे. कोणी आलं नाही. मशीन चालूच होती.

गेल्या महिन्यात सरांनी इंटरनेटवाला बदलला आणि बिल्ड निघणं बंद झालं. आले सगळे धावत. मी दुपारपर्यंत डोकं खाजवलं, मग सापडलं: आपल्या मशीनचा पत्ता बदलला होता आणि घंटी जुन्याच दारी वाजून राहिली होती. नवा पत्ता दिला. बिल्ड निघालं.

"अच्छा, झालं? चलो," म्हणून सगळे आपापल्या जागी गेले.

मी तसाच बसून राहिलो. काय झालं होतं, कसं सापडलं, आता कोणीतरी विचारेल म्हणून. कोणी विचारलं नाही. मग लक्षात आलं की या गर्दीनं इतक्या वर्षांत मला 'झालं का' एवढंच विचारलं. कसं, ते विचारणारी ती एकटीच होती, आणि तिच्यावरच मी जळत बसलो.

घरी आई मटार सोलत होती. तिला सगळं सांगितलं, पत्त्यापासून घंटीपर्यंत. तिनं ऐकून घेतलं.

"मला काय समजते बाप्पा यातलं? त्या पोरीला सांग ना."

तिला काहून सांगू, म्हणालो, आणि मटार सोलायला बसलो. सोलता सोलता मनातल्या मनात मात्र तिलाच सांगून राहिलो होतो.