हरकतीचं उत्तर

शेजाऱ्यांनी हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, कापली की त्या हिरव्या वासासोबत एजवेअर या इंग्रजी उपनगरातल्या आमच्या जुन्या घरातली ती मोजणी आठवते. रस्ता रुंद करायला कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, हेजसकट आमच्या बागेची पट्टी हवी होती. सासरे पुण्याहून आले होते. भूसंपादन कार्यालयातून रिटायर झालेले. सवयीने त्यांनीच सर्व्हेयरच्या टेपचं दुसरं टोक धरलं. नवरा भडकला, "बाबा, जागा आपली आहे!" "म्हणून माप खोटं द्यायचं? हरकत घेऊ की," म्हणत त्यांनी रीतसर चार पानी हरकत लिहिली. पट्टी गेलीच, आता तिथे बस थांबते. पण कौन्सिलचं पत्र आलं, प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणारं. सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून मला म्हणाले, "लोकांच्या हरकती मी नुसत्या फायलीला लावल्या गं. उत्तर एकालाही दिलं नाही."