करडांसाठी कोरडी जागा

आमच्या शेळ्यांच्या शेडची फरशी माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ असायची, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. सकाळी माझा चहा उकळायच्या आत हे मोटार चालू करत आणि पाइप धरून फरशी धुवायला लागत. कोपरे खराट्यानं घासत, गव्हाणीखालून पाणी मारत आणि शेवटी दारात उभं राहून सगळ्यावर एक नजर टाकत. फौजेत साहेब तपासणीला यायच्या आधी अशीच टाकत असतील. एकदा मी म्हटलं, आता शेळ्यांना सॅल्यूट तेवढा शिकवा. हे हसले नाहीत. साफसफाईची चेष्टा त्यांना चालत नाही.

रहिमतपूरच्या बाजूला आमचं गाव. बहुतेक घरांतला एखादा तरी फौजेत, आणि फौजेतून परत आलेला माणूस कुठल्या का हुद्द्याचा असेना, गावाच्या तोंडी तो मेजरच. हे रिटायर होऊन आले तेव्हा गावानं त्यांना स्टँडपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून गुलाल उधळत आणलं. मी दारात ओवाळायला उभी होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की आता हा माणूस परत जायचा नाही. लग्न झाल्यापासून नवरा मला रजेपुरताच मिळालेला. रजा संपत आली की हे पेटी भरायला घेत आणि मी पुढच्या रजेचे दिवस मोजायला.

त्या खेपेला मी कपाटातला माझ्या साड्यांखालचा कप्पा रिकामा केला, त्यात नवा कागद अंथरला आणि ह्यांना दाखवला. बरं, म्हणाले. पण कपडे राहिले पेटीतच. लोखंडी काळी पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, कॉटखाली ठेवलेली. आंघोळीला जाताना ती ओढायची, बनियन काढायचं, पुन्हा आत सरकवायची. मी त्यावर कधी बोलले नाही. पण साडी काढताना तो रिकामा कप्पा रोज दिसायचा आणि रोज वाईट वाटायचं.

गावात ह्यांचं मन रमेना. उसाचं सगळं दीर बघत होते, त्यात ह्यांना हात घालायला जागा नव्हती. पारावर बसून गप्पा हाणणं हा ह्यांचा पिंड नव्हे. बरोबरचा एक जण पुण्यात कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागला होता, तो सारखा फोन करून बोलवायचा. मग ह्यांनी शेळ्या आणल्या आणि मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. करडं झाली तेव्हा तर हे घरात जेवायपुरतेच यायला लागले. एक करडू अंगानं काळंभोर आणि कानांनी पांढरं होतं. ते ह्यांच्या पायांत पायांत करायचं आणि हे त्याच्याशी फौजेतल्या हिंदीत बोलायचे. इतकं हे माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला हेवा वाटला, आणि बरंही वाटलं.

श्रावण लागला आणि करडं पातळ हगायला लागली. आधी एक, मग चार-पाच. पोटं खपाटीला गेली, अंगावरचे केस उभे राहिले, शेपटीखाली सगळं चिकटलेलं. जंत झाले असतील म्हणून ह्यांनी जंताचं औषध पाजलं. फरक पडला नाही म्हणून पुन्हा पाजलं. तरीही उतार पडेना, तेव्हा हाताशी जे होतं ते ह्यांनी केलं. संध्याकाळीही फरशी धुवायला लागले. करडं हगतील तसं हे धूत, आणि हे धुतील तशी करडं जास्तच हगत. मग त्यात रक्त दिसायला लागलं, आणि एका सकाळी एक करडू गव्हाणीखाली मरून पडलेलं सापडलं. खालची फरशी आरशासारखी लख्ख होती.

ह्यांनी ते बांधाला पुरलं, हातपाय धुतले आणि पुण्याला फोन लावला. मी भाकऱ्या थापत होते, सगळं ऐकू येत होतं. ती जागा अजून आहे का, असं विचारत होते. फोन ठेवून चुलीपाशी आले.

“ही करडं जगली तर ऱ्हातो. न्हाईतर शेळ्या इकून जातो पुण्याला. मला ह्यातलं काय कळत न्हाई.”

तव्यावरची भाकरी करपली. त्या घडीपासून ती करडं माझ्यासाठी नुसती करडं राहिली नाहीत.

लोणच्याची एक रिकामी बरणी मी धुऊन कोरडी केली, तीत करडांची ताजी हगवण भरली आणि ह्यांना म्हटलं, गाडी काढा. मोटारसायकलवर हे पुढं, मी मागं, मांडीवर पिशवी आणि पिशवीत बरणी. वेशीत ओळखीच्या एका बाईनं थांबवलं. तासगावला माहेरी निघालीस का, आणि पिशवीत काय घेतलंस म्हणून विचारायला लागली. लोणचं, म्हटलं मी. हे कितीतरी दिवसांनी हसले.

तालुक्याच्या दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं काचेवर थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि मग ह्यांनाही बघायला लावलं. हे एक डोळा मिटून, नेम धरल्यासारखे, बराच वेळ बघत राहिले. ती म्हणाली, हे जंत नाहीत, ही रक्ती हगवण. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव आतड्यात घर करतात आणि लहान करडांना ते सोसत नाही. जंताच्या औषधाचा ह्यावर काही उपयोग नाही. मग तिनं विचारलं, शेडची जमीन कशी असते?

हे ताठ झाले. रोज सकाळ-संध्याकाळ, पाइपनं, कोपऱ्यांसकट कसं धुतो ते सगळं सांगितलं. तिनं मध्ये तोडलं नाही. ह्यांचं बोलून झाल्यावर हळू आवाजात म्हणाली, “मेजर, आता पाणी मारू नका. हगवणीतून ह्या रोगाची अंडी पडतात आणि ती ओलीतच तयार होतात. करडं तीच पुन्हा चाटतात. ऊन आणि कोरडी जमीन, दोन्ही त्या अंड्यांना मारतात.”

ह्यांनी औषध घेतलं, ते कसं द्यायचं ते नीट विचारून घेतलं आणि गाडीला किक मारली. रेल्वेचं फाटक बंद होतं. तिथं थांबलो तेव्हा, मागं न बघता, म्हणाले, “म्हंजे रोग मीच वाढत हुतो त्यास्नी. दोन टाइम.”

आमच्याकडं बायका गाडीवर मागचा दांडा धरून बसतात, नवऱ्याला चारचौघांत हात लावत नाहीत. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आवं, तुमी त्येंचं घर धूत हुता. रोग काय डोळ्याला दिसतो व्हय?”

गाडी निघाली, गाव आलं, तरी मी हात काढला नाही.

घरी आल्यावर ह्यांनी पाइप गुंडाळून खुंटीला अडकवला. ओली घाण खरवडून काढली, ऊन यावं म्हणून शेडच्या उगवतीकडच्या भिंतीचे दोन पत्रे उचकटले, जमिनीवर चुन्याची फक्की टाकली. जुन्या दाराच्या फळ्यांचा उंच माचा करून करडं त्यावर वेगळी ठेवली. पाला खाली टाकायचा बंद करून दोरीनं टांगला. करडं पाजायच्या आधी शेळ्यांची कास ओल्या फडक्यानं पुसायची होती. शेळ्या निवांत उभ्या राहायच्या, लाजायचे हेच. माझ्याकडं मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजायचं काम होतं. सगळं झालं की हे सवयीनं दारात उभे राहून नजर टाकत. चुन्यानं पांढरी झालेली ती धुळकट जमीन त्यांना बघवत नसे. खुंटीकडं हात जायचा आणि परत यायचा. मला त्यांची फार माया यायची.

करडं एकेक करून सुधारली. लेंड्या बांधून पडायला लागल्या तेव्हा आम्हाला सोनं पडल्याचा आनंद. फक्त ते पांढऱ्या कानांचं उठेना. जिथं निजायचं तिथंच त्याचं सगळं व्हायचं आणि बाजूला सरकायचं त्राण अंगात नव्हतं. वरून सरीवर सरी. हे त्याच्याखालची पोती बदलत राहायचे, आणि पोतीही सादळलेलीच.

एका दुपारी मी गिरणीतून पीठ घेऊन आले तर शेडमध्ये ती काळी पेटी. झाकण उघडं, आत कोरडा भुसा आणि पोतं, आणि काठाच्या वर दोन पांढरे कान. हे बाजूला मांडी घालून चमच्यानं पाणी पाजत होते. फौजेत इतकी वर्षं पावसाबर्फात हिच्यात कधी ओल शिरली नाही, म्हणाले. मला एकदम धसकाच बसला. पेटी रिकामी, म्हणजे पुण्याला न्यायचं सामान दुसऱ्या पिशवीत बांधून झालं की काय.

“आन कापडं?”

“कपाटात ठिवली,” वर न बघता म्हणाले. “तुझ्या साड्यांखालचा कप्पा रिकामाच हुता न्हवं.”

मी डोक्यावरचा डबा खाली ठेवला आणि आत जाऊन कपाट उघडलं. शर्ट, बनियनं, विजारी, सगळ्या घड्या कडेला कड लावून रचलेल्या. खालचा कागद एव्हाना पिवळा पडला होता. मी कपाटाला टेकून खाली बसले आणि पोटभर रडले. बाहेरून ह्यांची फौजेतली हिंदी ऐकू येत होती.

ते करडू पुढं जगलं, उडी मारून पेटीबाहेर आलं, आणि पेटीत आता शेळ्यांचा खुराक असतो. पण त्या दुपारी ते जगेल असं कुणीच सांगू शकत नव्हतं. कपडे मात्र त्याआधीच माझ्या साड्यांखाली येऊन बसले होते.